ऐंशी उंबऱ्यांच्या गावात किराणा दुकान टिकवायचं कसं

लहान गावातलं किराणा दुकान गिऱ्हाईक नाही म्हणून क्वचितच बंद पडतं. तेल-मीठ-चहा रोज लागतंच. दुकान बंद पडतं ते भांडवल उधारीत आणि न खपणाऱ्या मालात अडकल्यामुळे. फळ्या रिकाम्या होत जातात, रोखीचं गिऱ्हाईक तालुक्याचा रस्ता धरतं, मागे फक्त उधारीचं उरतं, आणि एक दिवस दार उघडतच नाही. त्यानंतर सगळ्यात जास्त हाल होतात ते म्हाताऱ्या माणसांचे, बाळंतिणींचे आणि रोजच्या मजुरीतून रोजचा किराणा घेणाऱ्यांचे. पाव किलो साखरेसाठी त्यांना एसटीची वाट बघावी लागते. पुढे जे लिहिलं आहे ते बचत गट, ग्रामपंचायत किंवा गावातलाच एखादा जिद्दीचा माणूस दुकान चालवत असेल असं धरून लिहिलं आहे.

एक गोष्ट सुरुवातीलाच. गावात आधीपासून एक दुकान कसंबसं चालत असेल तर शेजारी दुसरं काढू नका. ऐंशी-शंभर घरांत दोन दुकानं जगत नाहीत, दोन्ही मरतात. त्यापेक्षा जुन्या दुकानदाराला भांडवल, मालाची ने-आण आणि उधारीची शिस्त यांत हात द्या. तो थकला असेल तर मोजणी करून दुकान रीतसर ताब्यात घ्या.

आधी कागदावर हिशेब

ऐंशी घरं धरा. रेशनचं धान्य वेगळं काढा. अन्नसुरक्षा योजनेत प्राधान्य कुटुंबाला माणशी ५ किलो आणि अंत्योदय कार्डाला ३५ किलो धान्य मिळतं, आणि जानेवारी २०२३ पासून ते मोफत आहे. त्यामुळे गहू-तांदळात पैसे गुंतवू नका. सणासुदीला लागणारा थोडा चांगला तांदूळ ठेवला की पुरे.

धान्य सोडून घरटी महिन्याला २,५०० रुपयांचा किराणा धरला तर गावाची एकूण खरेदी २ लाख होते. ती सगळी तुमच्याकडे येणार नाही. महिन्याचा मोठा किराणा बरेच जण आठवडी बाजारातूनच आणतात. एक तृतीयांश, म्हणजे साधारण ६५,००० रुपयांची विक्री धरा. सगळा माल मिळून सरासरी ९ टक्के सुटतात असं मानलं तर ५,८५० रुपये हाती येतात. त्यातून वाहतूक १,२००, वीज आणि किरकोळ ४००, नास-तूट ६०० वजा केले की ३,६५० उरतात. एवढ्यात कोणाचा संसार चालत नाही. म्हणून दिवसभर दुकान उघडं ठेवायचा अट्टहास करू नका. सकाळी ७ ते १० आणि संध्याकाळी ५ ते ८ या वेळा पक्क्या ठरवा आणि त्या वेळेला दार उघडं म्हणजे उघडंच. वेळ चुकणारं दुकान लोकांच्या मनातून लवकर उतरतं. शक्य असेल तर पिठाची गिरण त्याच जागेत किंवा शेजारी ठेवा. दळण टाकायला आलेली बाई मीठ-मिरची घेऊनच जाते.

नफा कशात सुटतो हे नीट समजून घ्या. साखर आणि तेलात २ ते ४ टक्क्यांवर काही मिळत नाही. साबण, धुण्याची पावडर, बिस्किटं यांत ८ ते १० टक्के, सुट्या डाळी-शेंगदाण्यात १० च्या आसपास, मसाले, जिरं-मोहरी, अगरबत्ती यांत १५ आणि त्याहून जास्त. पण साखर-तेल महाग लावून नफा वाढवायला गेलात तर दुकान बुडालंच म्हणून समजा, कारण साखरेचा भाव सगळ्या गावाला पाठ असतो, मोहरीचा नसतो. साखर, तेल, तूरडाळ, चहा, शेंगदाणे या पाच वस्तूंचे दर तालुक्याच्या दराला लागून ठेवा आणि दारावर खडूने फळ्यावर लिहा.

एसटीचं तिकीट हा तुमचा खरा स्पर्धक आहे. मार्च २०२३ पासून महिलांना एसटीत अर्धं तिकीट लागतं, आणि पंचाहत्तरीच्या पुढच्यांना त्याआधीपासूनच प्रवास मोफत आहे. सवलत चांगलीच आहे, पण दुकानाचा हिशेब तिने बदलला. तालुक्याचं पूर्ण तिकीट ३० रुपये असेल तर बाईला जाऊन-येऊन ३० रुपयेच लागतात. हजाराच्या किराण्यात तुमच्याकडे ३०-४० रुपयांहून जास्त फरक पडत असेल तर ती बसने जाणारच, आणि तिचं चुकत नाही.

नोट गावातच हातात पडली पाहिजे

निराधारांचं अनुदान, लाडक्या बहिणीचे १,५०० रुपये, रोजगार हमीची मजुरी, दुधाचा पगार हे सगळं आता बँकेच्या खात्यात येतं. पैसे काढायला तालुक्याला गेलेलं माणूस किराणाही तिथूनच घेऊन येतं. म्हणून दुकानात आधार आणि अंगठ्यावर पैसे काढून देण्याची सोय करणं हा विक्री वाढवण्याचा सगळ्यात स्वस्त उपाय आहे. त्यासाठी एखाद्या बँकेचं ग्राहक सेवा केंद्र किंवा बँक सखीचं (बँकेच्या वतीने गावात व्यवहार करून देणाऱ्या बचत गटातल्या बाईचं) काम दुकानदारानेच घ्यावं. ते जमत नसेल तर पोस्टमन टपाल बँकेचं यंत्र घेऊन ठरलेल्या दिवशी दुकानाच्या ओट्यावर बसेल एवढं तरी बघा.

यात दोन अडचणी हमखास येतात. राबणाऱ्या हातांचे ठसे झिजलेले असतात, यंत्र ते घेत नाही. बोट कोमट पाण्याने धुऊन, पुसून, किंचित तेलाचा हात लावून पुन्हा ठेवा, नाहीतर दुसरं बोट वापरा. दुसरी अडचण रोकडीची. एका व्यवहारात १०,००० रुपयांपर्यंत काढता येतात आणि अनुदान जमा झालं की एकाच दिवशी वीस माणसं येतात. त्या आठवड्यात गल्ल्यातली रोकड बँकेत भरू नका, फिरवा. मात्र दुकानाची रोकड आणि बँकेच्या कामाची रोकड दोन डब्यांत ठेवा. एकाच डब्यात ठेवली की आठवड्याभरात कुठलाच हिशेब जुळत नाही. आणि कोणाच्याही खात्यातून उधारी परस्पर वळती करू नका. अंगठा घेताना किती रक्कम काढतोय ती मोठ्याने सांगा आणि पावती द्या. विश्वास एकदा गेला की दुकानही गेलं.

पहिला माल

६०,००० रुपयांचं भांडवल असेल तर ४५,००० चा माल भरा आणि १५,००० हातात ठेवा. सगळं भांडवल मालात घालणं ही नवख्यांची नेहमीची चूक आहे. पंधरा दिवसांत साखर-तेल संपतं, नेलपॉलिश आणि महागडा शाम्पू तसाच पडून राहतो, आणि साखर आणायला पैसे नसतात.

ऐंशी घरांसाठी पहिल्या खेपेला साखरेची ५० किलोची दोन पोती, गूळ १५-२० किलो, चहा पावडर ८ किलो (त्यातली निम्मी ५ आणि १० रुपयांच्या पुड्यांत), तेल ४८ लिटर, तूरडाळ ३० किलो, मूग-मसूर-हरभरा डाळ मिळून ४० किलो, शेंगदाणे २० किलो, मीठ ५० पुडे, पोहे-रवा-मैदा-बेसन मिळून ५० किलो पुरेसं होतं. उरलेल्या पैशात मिरची-हळद-मसाला, अंगाचा आणि कपड्याचा साबण, बिस्किटं, काडेपेट्या, सेल, वह्या-पेन, सॅनिटरी नॅपकिन. नॅपकिन नक्की ठेवा, कागदात गुंडाळून द्या. तालुक्यापर्यंत जाऊन ते मागायला मुली संकोचतात.

तेलाचा १५ किलोचा डबा फोडून सुटं विकण्याचा मोह आवरा. सुटं खाद्यतेल विकायला कायद्याने मनाई आहे आणि भेसळीचा आळही तुमच्यावर येतो. २००-२५० मिलीच्या आणि अर्ध्या लिटरच्या पिशव्या मागवा. रोजंदारीवरच्या गिऱ्हाइकाला त्याच परवडतात.

‘बारा घेतल्या तर एक फुकट’ अशा स्कीमला भुलू नका. बारा खपायला चार महिने लागणार असतील तर ती फुकटची एक वस्तू तुमचंच भांडवल खाते. दोन महिने न हललेली वस्तू खरेदीच्या भावात काढून टाका आणि पुन्हा आणू नका.

पाच ग्रॅमचा हिशेब

साखरेचं ५० किलोचं पोतं पाव-पाव किलोच्या २०० पुड्यांत जातं. प्रत्येक पुडीत हात सैल सोडून ५ ग्रॅम जास्त गेले तर पोत्यामागे एक किलो साखर गेली. किलोमागे २ रुपये सुटत असतील तर पोत्याचा सगळा नफा १०० रुपये, आणि त्यातले ४०-४५ रुपये तुम्ही तागडीवरच सांडलेत. उलट पाच ग्रॅम कमी तोललं तर ती फसवणूक आहे, आणि लहान गावात ती आठवड्याच्या आत कळते.

१० किलोपर्यंत तोलणारा, १ ग्रॅमचा फरक दाखवणारा, बॅटरीवर चालणारा इलेक्ट्रॉनिक काटा घ्या. ३० किलोचा ५ ग्रॅमवाला काटा जिरं-मोहरी तोलायला कामाचा नाही. काटा सपाट, न हलणाऱ्या फळीवर ठेवा, पंख्याखाली नको. आकडे गिऱ्हाइकाला दिसतील असा वळवा. रिकामी पुडी किंवा गिऱ्हाइकाचा डबा ठेवून आधी आकडा शून्यावर आणा, मग माल टाका. रोज सकाळी मुद्रांकित ५०० ग्रॅमचं वजन ठेवून बघा. २ ग्रॅम इकडे-तिकडे दाखवत असेल तर त्या काट्यावर विक्री थांबवा. इलेक्ट्रॉनिक काट्याची वैधमापनशास्त्र विभागाकडून पडताळणी दर वर्षी, सुट्या वजनांची दर दोन वर्षांनी करून घ्यावी लागते. तिचं प्रमाणपत्र दुकानात लावा.

पाव किलोचा दर किलोच्या दराच्या बरोबर चौथा भाग ठेवा. गरीब माणूस थोडं-थोडं घेतो म्हणून त्याला महाग पडावं, हे गावाच्या दुकानात तरी होऊ नये. वेळ वाचवायला दुपारी पाव आणि अर्ध्या किलोच्या कागदी पुड्या आधीच बांधून ठेवा.

माल आणायचा कसा

एका टेम्पोची फेरी १,२०० रुपये आणि माल ६०० किलो, म्हणजे किलोमागे २ रुपये. साखरेतला नफा संपला. कंपन्यांच्या वितरकाची लाईनची गाडी एवढ्याशा मागणीसाठी फाट्यावरून आत येत नाही. यावर उपाय एकच. त्याच रस्त्यावरच्या चार-पाच गावांच्या दुकानांनी मिळून एका दिवशी मागणी द्यायची आणि एकच छोटा हत्ती भरून आणायचा. चौघांत वाटले की फेरीला ३०० रुपये. आठवड्यातून एक फेरी ठरवा, आदल्या संध्याकाळी याद्या एका माणसाकडे द्या, गाडी फाट्यावर किती वाजता येणार ते नक्की करा. एकत्र मागणी पाच-सहा पोत्यांवर गेली की घाऊक व्यापाऱ्याशी भावात घासाघीस करता येते, आणि रोखीने घेतलं तर आणखी थोडा भाव सुटतो. व्यापाऱ्याकडे उधारीवर माल उचललात की तो देईल तो माल, तो लावेल तो भाव घ्यावा लागतो.

माल उतरवताना बिलाशी पोतं-पेटी मोजून घ्या, पुड्यांवरची तारीख बघा. सहा महिने टिकणाऱ्या वस्तूला दोनच महिने उरले असतील तर तिथेच परत करा. वितरक मुदत संपलेला माल बहुतेक वेळा घेत नाही, पण मुदत संपण्याआधी आणि बिल दाखवलं तर बदलून देतो.

उधारी

उधारी बंद करा असं सांगणारा माणूस गावात राहिलेला नसतो. मजुरी पंधरा दिवसांनी मिळते, दुधाचे पैसे दहा दिवसांनी येतात, सोयाबीन-कापसाचे दिवाळीच्या पुढे-मागे. मधले दिवस माणसं काय खाणार? उधारी द्यायचीच, पण तिला कुंपण घालायचं.

पहिली मर्यादा एकूण उधारीची: भांडवलाच्या चौथ्या हिश्शाच्या वर कधीही नाही. ६०,००० ला १५,०००. हे का, ते बघा. चाळीस हजारांचा माल महिन्यात दीड वेळा फिरला तर साठ हजारांची विक्री होते. तीस हजार उधारीत गेले तर हातातले तीस हजार दीड वेळा फिरून पंचेचाळीसच होतात, फळीवर वस्तू कमी दिसते, रोखीचं गिऱ्हाईक पांगतं. दुसरी मर्यादा घराची: घरटी ७०० रुपये, साधारण आठवड्याचा किराणा. वीस घरं उधारी घेत असतील तर १४,००० होतात, म्हणजे कुंपणाच्या आत. तिसरी, मागची बाकी मिटल्याशिवाय नवी नाही. तंबाखू आणि कोल्ड्रिंक उधारीवर अजिबात नाही. आजारपण, मयत, बाळंतपण असेल तर मर्यादा सैल करा, पण ते वहीत वेगळं लिहा आणि परत कधी देणार ते त्याच दिवशी ठरवा.

वह्या दोन हव्यात. एक दुकानाची खतावणी, प्रत्येक घराला एक पान. दुसरी गिऱ्हाइकाच्या घरची छोटी वही. दोन्हींत त्याच वेळी, त्याच्यासमोर, तारीख-वस्तू-रक्कम लिहायची आणि सही किंवा अंगठा घ्यायचा. ‘मी एवढं नेलंच नव्हतं’ हा वाद निम्म्याहून जास्त वेळा पोराला पाठवून नेलेल्या मालावरून होतो. म्हणून पोरगं आलं की वही सोबत असेल तरच उधारी.

वसुली पैसे येण्याच्या दिवशी करा: दुधाच्या पगाराला, मजुरी जमा झाली त्या संध्याकाळी. चार दिवस उलटले की पैसे दुसरीकडे गेलेले असतात. सगळ्यांसमोर कोणाची बाकी काढू नका. मागायला अवघड जातं तेव्हा नियम कामाला येतो: ‘ताई, गटाचा ठराव आहे, सातशेच्या वर मला देताच येत नाही.’ हा ठराव खरोखर गटाच्या बैठकीत लिहिलेला असावा, आणि तो अध्यक्षांच्या आणि सरपंचांच्या घरालाही लागू असावा. मोठ्या घराची उधारी तटली की बाकीचे भरणं थांबवतात. बुडालेल्या बहुतेक वह्यांत सर्वांत मोठी बाकी गरिबाच्या पानावर नसते.

पावसाळ्याची बेगमी

घाटमाथा, मेळघाट, नंदुरबारचा डोंगराळ पट्टा, गडचिरोली या भागांत जून ते सप्टेंबर हे वेगळंच गणित आहे. पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागडचा रस्ता तुटतो, अनेकदा काही दिवसांसाठी. कोकणात आगोटीची खरेदी घराघरांत होते, तशीच दुकानाचीही झाली पाहिजे. मेच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत माल भरा. तेल, मीठ, डाळ, साखर, चहा, काडेपेट्या, मेणबत्त्या, सेल, लहान मुलांसाठी साखर-मीठ पाण्याची पाकिटं हे नेहमीच्या दुप्पट. रवा, मैदा, बेसन मात्र वाढवू नका, त्यांना आधी कीड लागते. या जादा मालासाठी ग्रामसंघाकडून, म्हणजे गावातल्या बचत गटांच्या संघाकडून, चार महिन्यांचं कर्ज घेता येतं. दुकानाची रोजची पुंजी त्यात अडकवू नका.

साठवण नीट नसेल तर बेगमी वाया जाते. पोती जमिनीला टेकवू नका, विटांवर फळ्या टाकून वीतभर उंच ठेवा, भिंतीपासूनही वीतभर लांब. ओल भिंतीतून येते, आणि मागे उंदराची वाट दिसायला हवी. साखरेच्या पोत्यात मनगटापर्यंत हात घाला, आत गारवा लागला किंवा खडे हाताला आले तर ओल शिरली आहे. ते पोतं आधी विका. मीठ आणि साखर शेजारी नको. चहा पावडर आणि साबण एका फळीवर नको, चहाला साबणाचा वास लागला की त्या गिऱ्हाइकाकडे पुन्हा चहा खपत नाही. काडेपेट्या आणि बिस्किटं पत्र्याच्या डब्यात. डाळींत कडुनिंबाचा वाळलेला पाला घाला. धान्यात टाकायच्या ॲल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्या दुकानात किंवा राहत्या घरात कधीही वापरू नका, त्यांतून निघणाऱ्या वायूने माणसं मरतात.

कागदपत्रं

लहान दुकानाला फारसं काही लागत नाही. अन्नपदार्थ विकता म्हणून अन्न सुरक्षा प्राधिकरणाची (एफएसएसएआय) नोंदणी हवी, एवढ्याशा उलाढालीला मोठा परवाना लागत नाही. वर्षाला ४० लाखांच्या आत मालाची विक्री असेल तर जीएसटीची नोंदणी नको. एक-दोन माणसांवर चालणाऱ्या अशा दुकानाला दुकाने अधिनियमाखाली फक्त ऑनलाइन सूचना द्यायची असते. छापील किमतीच्या वर एक रुपयाही घेता येत नाही, ‘थंड करून देतो’ म्हणूनही नाही. गुटखा राज्यात २०१२ पासून बंद आहे. तो ठेवलात तर एका कारवाईत दुकान जाईल. शाळेपासून १०० यार्डांच्या आत तंबाखूही विकता येत नाही.

दुकान कोणाच्या हातात

गटातल्या दहा बायकांनी पाळीपाळीने बसायचं, ही रीत न्याय्य वाटते पण टिकत नाही. तूट आली की कोणाच्या पाळीत आली ते कळत नाही आणि गटच फुटतो. एक चालवणारी आणि एक बदली, एवढंच. चालवणारीला ठरावीक मानधन आणि नफ्यात वाटा द्या. फुकट राबणारी बाई सहा महिन्यांत थकते, तो तिचा दोष नाही. बाकीच्यांनी मोजणी करायची.

मोजणी महिन्यातून एकदा, दुकान बंद ठेवून, दोन बाहेरच्या सदस्यांसमोर. सगळा माल खरेदीच्या भावाने लिहा. महिन्याच्या सुरुवातीचा माल अधिक खरेदी, वजा शेवटी उरलेला माल, म्हणजे विकलेल्या मालाची खरेदी किंमत. महिन्याची एकूण विक्री, म्हणजे रोखीची अधिक उधारीवर दिलेली, या किमतीपेक्षा साधारण १० टक्क्यांनी जास्त असायला हवी. जुन्या उधारीची वसुली यात धरू नका, ती मागच्या विक्रीची असते. फरक ५ टक्क्यांवर आला तर चोरीचा संशय घ्यायच्या आधी काटा, नास, घरी नेलेला आणि न लिहिलेला माल या क्रमाने शोधा. तिसरं कारण सगळ्यात जास्त वेळा निघतं. चालवणाऱ्या घरासाठीही एक पान उघडा आणि त्यांनी नेलेली काडेपेटीसुद्धा त्यावर लिहा.

वाडी चाळीस घरांहून लहान असेल तर स्थिर दुकान काढू नका. मोठ्या गावच्या दुकानाची गाडी आठवड्यातून दोनदा, ठरल्या वारी, ठरल्या वेळी पाठवा. आदल्या दिवशी फोनवर यादी घ्या आणि चालता न येणाऱ्यांचा माल दारात द्या.

चालवणारी व्यक्ती कधीतरी बदलणारच: लग्न, आजारपण, स्थलांतर. त्या दिवशी किल्ली देण्याआधी तीन कामं करा. पूर्ण मोजणी करून दोघींच्या सह्या घ्या. उधारीच्या प्रत्येक पानावरची बाकी त्या त्या घरी जाऊन, जुनी आणि नवी दोघींनी मिळून, कबूल करून घ्या. आणि जुनीला महिनाभर आठवड्यातून दोन संध्याकाळी दुकानात बसवा. कोणाला कोणत्या वाराला पैसे मिळतात, कोणाच्या घरी साखर चालत नाही, कोणती म्हातारी मागायला लाजते, हे कुठल्याच वहीत लिहिलेलं नसतं.